पडद्याचा रंग दुकानात एक, घरी दुसरा: दिवा आणि कापड यांचं नातं

डिझाइन स्टुडिओ अधूनमधून आपल्या सध्याच्या आवडीच्या वस्तूंच्या याद्या जाहीर करतात. विटकरी रंगाचं लिनन, जाड लोकरीचा गालिचा, कागदी दिवा, खडबडीत फुलदाणी, मखमली उशा. फोटो बघून वाटतं, एवढं आणलं की आपली खोलीही तशीच दिसेल. वस्तू घरी येते, जागेवर बसते आणि काहीतरी बिनसल्यासारखं वाटतं. विटकरी रंग तपकिरी दिसतो, मखमल सपाट वाटते, पांढरा पडदा मळकट. मग कुणी स्वतःच्या निवडीला दोष देतो, कुणी दुकानदाराला. बहुतेक वेळा दोघांचंही काही चुकलेलं नसतं. वस्तू तीच असते, तिच्यावर पडणारा उजेड बदललेला असतो.

घर सजवताना दिवे सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशांत आणि उरलेल्या वेळात निवडले जातात. माझ्या मते सगळा घोळ तिथेच होतो. कापड आणि दिवा एकत्रच निवडायला हवेत. हे असं का, ते मुळापासून पाहू.

रंग नेमका असतो कुठे?

लाल उशी लाल दिसते, कारण तिच्यातलं रंगद्रव्य प्रकाशातला निळा आणि हिरवा भाग शोषून घेतं आणि लाल भाग परत पाठवतं. तो परत आलेला भाग डोळ्यात शिरतो आणि आपण म्हणतो, उशी लाल आहे. पण दिव्याच्या उजेडात लाल भाग मुळातच तुटपुंजा असेल, तर उशीने परत पाठवायचं काय? ती मरगळलेली दिसणार. म्हणजे रंग ठरवतात ते दिवा, कापड आणि डोळा हे तिघं मिळून.

जुन्या तारेच्या बल्बच्या काळात हा प्रश्न फारसा पडत नसे. तापलेली तार जांभळ्यापासून लालपर्यंत सगळे रंग सलग बाहेर टाकते. निळा कमी, लाल भरपूर, पण मध्ये कुठे खड्डा नसतो. त्या बल्बचा मोठा दोष वेगळा होता. विजेचा जेमतेम विसावा भाग उजेडात उतरायचा, बाकी सगळी उष्णता.

एलईडीचं गणित निराळं आहे. घरातला पांढरा एलईडी सहसा मुळात निळा असतो. त्याच्यातली बारीक चकती निळा प्रकाश देते. तिच्यावर फॉस्फर नावाच्या पिवळसर पदार्थाचा लेप असतो. तो त्यातला बराचसा निळा प्रकाश गिळून पिवळा, हिरवा आणि थोडा लाल बाहेर टाकतो. उरलेला निळा आणि हे नवे रंग मिसळून डोळ्याला पांढरा उजेड दिसतो. या निळ्या एलईडीसाठीच इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. शोध मोठाच आहे, विजेची बचत तर फारच मोठी. मात्र या उजेडात निळ्या आणि हिरव्याच्या मधल्या पट्ट्यात खड्डा राहतो, आणि लेप हलक्या प्रतीचा असला की गडद लाल फार कमी पडतो. डोळ्याला दोन्ही बल्बांचा उजेड सारखाच पांढरा वाटतो, पण कापडावर पडला की फरक उघड होतो.

खोक्यावरचा केल्विन म्हणजे काय?

बल्बच्या खोक्यावर २७००, ४००० किंवा ६५०० असा आकडा असतो आणि पुढे ‘के’. हे केल्विन, म्हणजे उजेडाची छटा सांगणारं माप. लोखंड तापवत नेलं की आधी लालभडक होतं, मग पिवळं, मग पांढरं. छटेवरून तापमान सांगता येतं, म्हणून छटेलाच तापमानाचं एकक मिळालं. आकडा लहान तितका उजेड पिवळसर, मोठा तितका निळसर. मेणबत्ती साधारण १९००, जुना पिवळा बल्ब २७००, हॅलोजन ३०००, कार्यालयांतले दिवे बहुधा ४०००, आणि दिवसाचा उजेड ५५०० ते ६५००.

यात एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. डोळ्याला खालच्या टोकाला थोडासा फरकही जाणवतो, वरच्या टोकाला जाणवत नाही. २७०० आणि ३००० शेजारी लावले तर फरक लगेच दिसतो. ६००० आणि ६३०० शेजारी लावले तर बहुतेकांना काही कळणार नाही. म्हणून पिवळसर दिवे घेताना आकडा नीट जुळवून घ्यावा.

कापडावर याचा परिणाम सरळ असतो. पिवळसर उजेडात विटकरी, मोहरी, तपकिरी, मरून हे रंग खुलतात, निळे आणि राखाडी रंग दबतात. निळसर उजेडात उलट. राखाडी सोफा दिवसा सुरेख आणि रात्री चिखलासारखा दिसतो तो यामुळेच. राखाडीत थोडी निळी झाक असते, तिला फुलायला रात्रीच्या दिव्यात पुरेसा निळा भाग मिळत नाही.

बसायच्या आणि झोपायच्या खोलीत २७०० ते ३०००, जिथे शिवणकाम किंवा चित्रकाम चालतं तिथे ४०००, ही माझी शिफारस. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे एका खोलीत एकच आकडा ठेवा. छताला निळसर आणि कोपऱ्यात पिवळा दिवा असला की एकाच पडद्याच्या दोन बाजू दोन रंगांच्या दिसतात आणि महागडं कापडही डागाळलेलं वाटतं.

सीआरआय ९० लिहिलंय, मग अजून काय हवं?

केल्विन फक्त उजेडाची छटा सांगतो. त्या उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतील हे सांगणारा आकडा म्हणजे सीआरआय, रंगदर्शनाचा निर्देशांक. जास्तीत जास्त १००. तो काढताना रंगांचे ठरावीक नमुने आधी आदर्श उजेडात आणि मग त्या दिव्याखाली कसे दिसतील याचा हिशेब मांडला जातो, आणि फरकावरून गुण दिले जातात.

अडचण सरासरीत आहे. मुख्य आकडा आठ नमुन्यांची सरासरी असतो, आणि हे आठही नमुने फिकट रंगांचे आहेत. गडद लाल हा नववा नमुना, त्याला आर९ म्हणतात, आणि तो सरासरीत धरलेलाच नाही. प्रगतिपुस्तकावर आठ विषयांची सरासरी ८० टक्के छापलेली असावी आणि नवव्या विषयात मूल नापास असलं तरी त्याचा उल्लेखच नसावा, तसं हे आहे. सीआरआय ८० असलेल्या पुष्कळ एलईडींचा आर९ शून्याच्या आसपास असतो, कधी उणेही जातो. आणि घरातल्या कितीतरी गोष्टींचं सौंदर्य लालवर उभं असतं: लाकूड, चामडं, भाजलेली माती, मरून मखमल आणि माणसाची त्वचा. हलक्या प्रतीच्या एलईडीखाली सगळे आजारी दिसतात, ते याच नवव्या विषयामुळे.

ही उणीव तज्ज्ञांनाही खटकत होती. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या इल्युमिनेटिंग इंजिनीअरिंग सोसायटीने टीएम-३० ही नवी पद्धत आणली. तिच्यात ९९ नमुने आहेत. पण घरगुती बल्बच्या खोक्यावर ती क्वचितच दिसते, म्हणून सोपा नियम धरा: सीआरआय ९० किंवा जास्त, आणि आर९ दिलेला असेल तर तो ५० च्या वर. आर९ कुठेच दिलेला नसेल, तर दुकानात बल्ब लावून आपला तळहात त्याखाली धरा. त्वचा हिरवट-करडी दिसली तर बल्ब ठेवून द्या.

दोन कापडं दुकानात जुळली, घरी वेगळी कशी?

सोफ्याचं कापड आणि पडदा शेजारी ठेवून पाहिले, रंग तंतोतंत जुळला. घरी आणल्यावर एक हिरवट, दुसरा गुलाबीसर. याला मेटामेरिझम म्हणतात: दोन रंग एका उजेडात सारखे आणि दुसऱ्यात वेगळे दिसणं. सुती कापडाला लागणारा रंग आणि पॉलिएस्टरला लागणारा रंग रसायन म्हणून वेगळे असतात. रंगाऱ्याने दोन वेगळ्या मिश्रणांतून एकच छटा गाठलेली असते, पण ती ठरावीक उजेडापुरती. उजेड बदलला की दोन्ही मिश्रणं आपापल्या वाटेने जातात.

कापड उद्योगात हे इतकं ठाऊक आहे की नमुने तपासायला लाइट बॉक्स नावाची पेटी असते. तिच्यात दिवसाचा उजेड, तारेच्या बल्बचा पिवळा उजेड आणि दुकानातल्या ट्यूबचा उजेड असे निरनिराळे दिवे बटण दाबून बदलता येतात. रंग या सगळ्यांत जुळला तरच माल पुढे जातो. आपल्याकडे पेटी नसते, पण खिडकी असते आणि रात्रीचा दिवा असतो. नमुना दोन्हीकडे बघितल्याशिवाय मीटरभर कापडही कापून घेऊ नये.

पांढऱ्याचा प्रश्न आणखी वेगळा. बऱ्याच पांढऱ्या कापडांत चमक आणणारी द्रव्यं असतात. ती डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण घेतात आणि निळसर उजेड बाहेर टाकतात, म्हणून कापड झगझगीत पांढरं दिसतं. साध्या एलईडीत अतिनील किरण जवळपास नसतात. तेव्हा खिडकीजवळ शुभ्र दिसणारा पडदा रात्री पिवळट दिसला, तर तो धुवायला काढण्याआधी दिव्याकडे बघा. चमक न घातलेलं, नैसर्गिक पांढऱ्या छटेचं सुती किंवा लिनन दोन्ही उजेडांत जवळजवळ सारखं राहतं. मला तेच अधिक भावतं.

पोत का हरवतो?

हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे आणि सगळ्यात दुर्लक्षितही. पोत म्हणजे बारीक उंचवटे आणि त्यांच्या बारीक सावल्या. उजेड समोरून किंवा सगळीकडून सारखा पडला की सावल्या पुसल्या जातात आणि हातमागाचं जाड कापड छापील कागदासारखं सपाट दिसतं. तोच उजेड बाजूने, भिंतीलगत घासून गेला की प्रत्येक धागा उठून दिसतो. दिवा जरा सरकवला की तेच कापड वेगळं दिसायला लागतं, आणि त्याला काहीच खर्च येत नाही.

प्रत्येक धागा उजेडाशी आपल्या पद्धतीने वागतो. रेशमाच्या तंतूचा छेद साधारण त्रिकोणी असतो, त्याच्या सपाट बाजूंवरून उजेड परावर्तित होतो आणि तुकतुकी येते. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात, ते उजेड विखरून टाकतात, म्हणून लोकर मऊ आणि निवांत दिसते. मखमलीची लव उभी असते. लवेच्या टोकांकडून पाहिलं तर रंग खोल आणि गडद, बाजूने पाहिलं तर फिका. म्हणूनच मखमल शिवताना सगळ्या तुकड्यांची लव एकाच दिशेला ठेवावी लागते, नाहीतर एकाच सोफ्यावर दोन रंग दिसतात. धूपछाव कापडात उभे धागे एका रंगाचे, आडवे दुसऱ्या. ते सरळ ताणून भिंतीवर लावलं तर खेळ संपला. त्याला चुण्या हव्यात आणि बाजूने येणारा उजेड हवा.

जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत विणकाम शिकलेल्या ॲनी आल्बर्स यांनी हे फार आधी ओळखलं होतं. पदविकेसाठी त्यांनी बेर्नाउ इथल्या कामगार संघटनेच्या शाळेच्या सभागृहासाठी भिंतीचं कापड विणलं. त्याची एक बाजू आवाज शोषणारी होती आणि दुसऱ्या बाजूला उजेड परतवण्यासाठी सेलोफेनचे धागे होते. म्हणजे कापडाकडून त्यांनी दिव्याचं अर्धं काम करून घेतलं. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांचं एकल प्रदर्शन भरलं. एका विणकाम कलावंताचं तिथलं ते पहिलंच एकल प्रदर्शन. कापडाकडे सजावटीच्या पलीकडे बघायला शिकवणारं हे काम आहे, आणि आजही स्टुडिओंच्या याद्यांत धातूचा किंवा चकाकता धागा घातलेली कापडं दिसतात, तेव्हा मला आल्बर्स आठवतात.

दिवा आणि कापड दोन्ही चांगले, तरी रंग बेचव का?

मग शेजारी बघा. १८२४ मध्ये पॅरिसच्या गोबेलँ या शाही विणकाम कारखान्यात मिशेल यूजेन शेव्हरल हे रसायनतज्ज्ञ रंगविभागाचे प्रमुख झाले. तक्रार अशी होती की तिथला काळा रंग निळ्या-जांभळ्यालगत फिका पडतो. शेव्हरल यांनी इतर ठिकाणची काळी लोकर आणून तुलना केली. कारखान्याचा काळा उत्तमच होता. डोळाच फसत होता. कोणताही रंग शेजारच्या रंगाला आपल्या विरुद्ध छटेकडे ढकलतो, हे त्यांनी पुढे अनेक प्रयोगांतून दाखवलं आणि १८३९ मध्ये त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. शेव्हरल १०२ वर्षं जगले आणि चित्रकारांच्या पुढच्या पिढ्यांवर त्यांचा खोल परिणाम झाला.

घरात याचा अर्थ असा की करडी उशी लाल सोफ्यावर हिरवट दिसेल आणि हिरव्या सोफ्यावर गुलाबीसर. शिवाय भिंतही खोलीत रंग सोडते. हिरव्या भिंतीवरून उसळलेला उजेड हिरवा होऊनच पांढऱ्या पडद्यावर पडतो.

दिव्यांचे ते विचित्र आकार नुसते दिखाऊ असतात का?

चांगल्या दिव्यांचे नसतात. डेन्मार्कचे पोल हेनिंगसेन यांना उघड्या बल्बची डोळ्यात खुपणारी झगझग सहन होत नसे. १९२०च्या दशकात त्यांनी तीन शेडची रचना बसवली: शेडचे वक्र असे की बल्ब थेट कुठूनही दिसू नये, पण उजेड प्रत्येक शेडवरून उसळून खाली आणि बाजूला मऊपणे पसरावा. १९५८ मधल्या त्यांच्या पीएच ५ या दिव्यात आतल्या छोट्या भागांना त्यांनी लाल आणि निळा रंग दिला, जेणेकरून उजेडाची छटा सुखद व्हावी. दिव्याच्या नावातला ५ हा त्याच्या ५० सेंटिमीटर व्यासावरून आला आहे.

जपानी-अमेरिकन शिल्पकार इसामु नोगुची यांनी १९५१ मध्ये जपानच्या गिफु शहरात पारंपरिक कंदील पाहिले आणि तुतीच्या सालीचा कागद व बांबूच्या कामट्या वापरून ‘आकारी’ दिवे घडवायला सुरुवात केली. तो कागद उजेड अडवत नाही, विखुरतो. बल्ब एका बिंदूतून जळत असतो, पण आपल्याला दिसतो तो मोठा, मंद गोळा. उगम जितका मोठा, तितक्या सावल्या मऊ.

आणि एक दिवा पुरत नाही, हे अमेरिकन प्रकाशरचनाकार रिचर्ड केली यांनी १९५२ मध्ये नेमकं मांडलं. त्यांनी प्रकाशाचे तीन प्रकार सांगितले: सगळीकडे पसरलेला सौम्य उजेड, नजर एका जागी खेचणारा झोत, आणि लखलखणारे ठिपके, जसे काच किंवा पितळेवरचे. फोटोतली खोली जिवंत वाटते तेव्हा बहुधा तिथे हे तिन्ही असतात. आपल्या खोल्यांत बहुधा फक्त पहिला असतो, तोही छताच्या मध्यातून.

मग जास्त वॉटचा बल्ब लावला की झालं ना?

वॉट म्हणजे विजेचा खर्च, उजेड मोजतात ल्युमेनमध्ये. जुना ६० वॉटचा बल्ब साधारण ८०० ल्युमेन द्यायचा, तेवढेच आज ८ ते १० वॉटच्या एलईडीतून मिळतात. पण उजेड किती, यापेक्षा तो कुठून येतो हे मोठं. उघड्या बल्बपासून अंतर दुप्पट केलं की पृष्ठावर पडणारा उजेड चौथा भाग उरतो, चौपट केलं की सोळावा. म्हणून छतावरचा प्रखर दिवा खुर्चीतल्या माणसाच्या पुस्तकावर जे करू शकत नाही, ते खुर्चीशेजारचा छोटा दिवा सहज करतो. भिंती गडद असतील तर त्या उजेड गिळतात. तिथे दिव्यांची संख्या वाढवा, एकाच दिव्याची प्रखरता वाढवू नका.

डोळ्याला सवय होते, एवढा विचार कशाला?

आक्षेप रास्त आहे. डोळा आणि मेंदू मिळून उजेडाची छटा बऱ्याच अंशी वजा करतात. पिवळ्या दिव्यात अर्धा तास बसलं की कागद पुन्हा पांढरा वाटतो. पण मेंदू वजा करतो ती संपूर्ण खोलीवरची झाक. उजेडात जो रंग मुळात नाहीच, तो मेंदू भरून काढू शकत नाही. आर९ शून्य असलेल्या दिव्याखाली वर्षभर बसलं तरी मरून मखमल तपकिरीच राहते.

पण फोटोत ते इतकं छान कसं?

फोटो काढणारा कॅमेऱ्यात पांढरा रंग ठरवून घेतो, खिडकीतून बाजूने येणाऱ्या दिवसाच्या उजेडाची वाट बघतो, छताचे दिवे बहुधा बंद ठेवतो आणि नंतर रंग दुरुस्त करतो. त्यात फसवणूक नाही, पण ती खोली दिवसातल्या एका निवडलेल्या वेळेची असते. यादीतल्या वस्तूचा फोटो बघताना सावल्या कुठे पडल्यात ते बघा. उजेडाची दिशा कळेल, आणि ती दिशा घरात देता येईल की नाही याचा अंदाज येईल.

उजेड इतका चांगला, तर खिडकीजवळच सगळं ठेवू?

नको. उजेड कापडाला हळूहळू मारतो, आणि ते नुकसान साचत जातं, भरून येत नाही. संग्रहालयांत जुनी वस्त्रं साधारण ५० लक्सपेक्षा कमी उजेडात ठेवतात (लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारा उजेड). उन्हात हाच आकडा १,००,००० पर्यंत जातो. काच सगळे अतिनील किरण अडवत नाही, आणि दिसणारा उजेडही रंग उडवतोच. उजेडात कापडाचा रंग किती टिकतो हे ब्लू वूल नावाच्या पट्टीवर १ ते ८ मध्ये मोजतात, ८ सर्वांत पक्का. पडदे आणि खिडकीलगतच्या सोफ्यासाठी विक्रेत्याला हा आकडा जरूर विचारा, आणि रेशमी पडद्याला अस्तर लावाच.

घर भाड्याचं आहे, दिवे बदलता येत नाहीत

छताचा दिवा काढता येत नसेल, पण तो न लावणं तर हातात आहे. बल्ब बदलता येतो. प्लगवर चालणारे दोन-तीन दिवे वेगवेगळ्या उंचीवर ठेवा: एक खुर्चीजवळ, एक भिंतीकडे तोंड करून, एक जमिनीलगत कोपऱ्यात. शेड घेताना आतलं अस्तर बघा. पांढरं अस्तर उजेड आहे तसा सोडतं, सोनेरी अस्तर तो पिवळा करतं आणि निळ्या कापडाचा जीव घेतं. जाड कापडाची शेड उजेड फक्त वर-खाली सोडते, पातळ लिननची सगळीकडे. शेडवर लिहिलेली वॉटची मर्यादा उष्णतेसाठी असते. एलईडी ती सहसा ओलांडत नाही, पण पूर्ण बंद शेडमध्ये एलईडीची स्वतःची उष्णता कोंडते आणि तो लवकर जातो. अशा ठिकाणी कमी वॉटचा बल्ब घ्या किंवा वरून उघडी शेड निवडा.